जेवल्यावर आजोबांना गरगरते का?

शब्बाथची दुपार. मासळीचे कालवण, भात, वर गोडधोड. मंडळी पोटभर जेवतात. मग आजोबा झटकन उठतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पुन्हा खुर्चीत बसतात. "जेवण अंगावर आलं!" म्हणून आपण हसतो. पण वाचकहो, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

आपले हृदय आरामात असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातले जवळजवळ पाव रक्त जठर, आतडी, यकृत अशा पोटातल्या अवयवांकडे जाते. जेवल्यावर आतड्यांचे काम वाढते आणि तिकडचा ओघ दुपटीच्या आसपास जातो. मुंबईच्या चाळीत राहिलेल्यांना हे लगेच कळेल. खालच्या मजल्यावर नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावर पाणी बारीक! आपला वरचा मजला म्हणजे मेंदू.

मग रोज सगळ्यांनाच चक्कर का येत नाही? कारण मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारे पहारेकरी असतात. दाब उतरला की ते मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाची गती वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. पोट तर आपली रक्ताची बँकच आहे. पाचवा ते चौथा हिस्सा रक्त तिथल्या शिरांत साठलेले असते. आपण उभे राहिलो की त्या शिरा आवळतात आणि रक्त हृदयाकडे परत येते.

वय झाले की हे पहारेकरी सुस्तावतात. मधुमेह किंवा पार्किन्सन असेल तर जास्तच. जेवणानंतर दोन तासांत वरचा दाब २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याची भीती असते. म्हातारपणी हाड मोडणे किती महागात पडते, ते आपण जाणतोच.

उपाय साधे आहेत. थोडे थोडे, पण जास्त वेळा जेवावे. भात आणि गोड कमी घ्यावे. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल तर जेवणाआधी एक-दोन पेले पाणी प्यावे. जेवल्यावर बसून राहावे, उठताना सावकाश उठावे. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी जेवणाआधी आणि तासाभराने दाब मोजून आकडे डॉक्टरांना दाखवावेत. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

आणि मुलांनो, तुमचे काम सोपे आहे. जेवण झाले की सबांना सांगा, "घाई नको, बसा जरा." उठतील तेव्हा हात द्या. बसल्या बसल्या एक जुनी गोष्टही ऐकायला मिळेल!