विहिरीच्या काठावरचे सद्गुण

यंदा जुलैत एका धर्मग्रामाचा छापील अर्ज माझ्या हातात पडला. ‘आदर्श ख्रिस्ती कुटुंब’ निवडायचं होतं आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. रविवारची मिस्सा चुकते का, संध्याकाळी घरात जपमाळ होते का, मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात का, बांधकाम निधीला देणगी दिली का, घरातून कोणी फादर किंवा सिस्टर झालं आहे का, असे प्रश्न आणि प्रत्येकापुढे गुणांचा चौकोन. शेजाऱ्याविषयी त्यात एकही प्रश्न नव्हता. विहिरीचं पाणी, विकलेली वाडी, घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार, यांतलं काहीच नव्हतं. मी नकार कळवला. त्याच आठवड्यात, २५ तारखेला, वसईच्या पाण्यासाठी लढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा स्मृतिदिन होता. २०२४ साली याच दिवशी ते गेले. त्यांच्या वसईत ख्रिस्ती माणसाची पारख अशा चौकोनांतून व्हावी, हे मला लागलं.

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगायला बसलं की लोक १५३४ सालापासून सुरुवात करतात. पोर्तुगीज आले, किल्ला आणि चर्चेस उभी राहिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला वगैरे. शाळेपासून ऐकून ऐकून मला या भागाचा कंटाळा आला आहे. त्या दोनशे वर्षांत मला एकच माणूस खुणावतो, तो म्हणजे वसईचा गोन्सालो गार्सिया. व्यापारासाठी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९७ साली नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवला गेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. आम्ही त्याच्या नावाने चर्च बांधलं, कॉलेज काढलं, दर वर्षी सण करतो. त्याच्यासारखं वागायची पाळी मात्र बराच काळ कोणावर आली नाही.

त्यानंतरची मोठी घटना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची. १९६५ साली ती संपली आणि पुढच्या काही वर्षांत वेदीवरची लॅटिन जाऊन मराठी आली. तोवर आमच्या आज्या न समजणाऱ्या भाषेत बिनचूक उत्तरं द्यायच्या. साठ-सत्तरचं दशक तसं सुस्तच होतं. केळीच्या बागा, पानमळे, पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारं दूध, भाजी आणि फुलं. चांगला ख्रिस्ती कोण, तर कष्ट करणारा, मापात पाप न करणारा आणि फादर सांगतील ते ऐकणारा. (दुधात पाणी घालणारेही होतेच, पण ते मिस्साला मागच्या बाकावर बसत.) यातला कष्टाळूपणा खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आज्ञाधारकपणालाच आम्ही श्रद्धा म्हणत होतो आणि त्याची परीक्षा घ्यायला बाहेरून कोणी आलं नव्हतं.

१९८८ साली आलं. सरकारने वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा केला आणि १९९० साली नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळ नंतर कधीतरी येणार होते. फ्लॅट विकताना पाण्याचं कोणी बोललं नव्हतं. मग टँकर आले. पश्चिमेच्या गावांतल्या गोड्या विहिरींना मोटारी लागल्या, रात्रंदिवस उपसा सुरू झाला आणि समुद्राकाठच्या जमिनीत जे व्हायचं तेच झालं. खारं पाणी आत सरकलं. आधी पानवेली सुकल्या, मग केळी. बायका घडा तोंडाला लावून पाणी चाखायच्या आणि काही न बोलता एकमेकींकडे बघायच्या.

हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती या पाण्यावरून. फादर दिब्रिटो तिच्या पुढच्या फळीत होते. त्यांच्याबरोबर शिक्षक होते, शेतकरी होते, हिंदू होते, मुसलमान होते. १९८३ पासून त्यांच्या हाती असलेलं ‘सुवार्ता’ मासिक तोवर घरातल्या क्रुसाशेजारी ठेवायचा अंक होता. या काळात बिगरख्रिस्तीही तो मागून वाचू लागले. नालासोपारा स्टेशनवर १९८९ साली एका बिल्डरचा भरदिवसा खून झाला, तेव्हाची दहशत ज्यांनी अनुभवली नाही त्यांना आज ‘मोर्चाला जाणं’ म्हणजे काय ते समजणार नाही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर समितीच्या बैठकीला निघालेल्या माणसाला बायको दारात अडवायची. फादरना धमक्या आल्या. ते जात राहिले.

विश्वासूपणा, सौम्यता, सहनशीलता, आत्मसंयम. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातली आत्म्याची फळं आम्ही लहानपणी घोकली होती. ती कशी दिसतात ते मी त्या वर्षांत पाहिलं. सौम्यता म्हणजे टँकरपुढे आडव्या बसलेल्या आणि ड्रायव्हरच्या शिव्या ऐकूनही दगड न उचलणाऱ्या बाया. आत्मसंयम म्हणजे पोराचं लग्न तोंडावर असताना टँकरवाल्याचा आगाऊ रोख पैसा परत करणारा शेतकरी. सिडकोच्या आराखड्यावर हजारो हरकती गेल्या. त्यांतल्या कित्येक ज्यांनी लिहिल्या, त्यांनी त्याआधी सरकारला कधी कागद पाठवला नव्हता. विश्वासूपणा मला त्या कारकुनी कामात दिसला. नकाशा समजून घ्यायचा, सर्व्हे नंबर उतरवून काढायचा, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं.

आता थोडा जुना हिशेब. ‘फादरनी घंटा वाजवावी, मिस्सा सांगावी, राजकारणात कशाला पडावं,’ असं तेव्हा सगळ्यात मोठ्याने म्हणणारे पुढच्या बाकावर बसत. त्यांतल्या एकाच्या विहिरीवर रात्री मोटार चालायची आणि सकाळी तो वाचनाला उभा राहायचा. कन्फेशनमध्ये काय सांगत असेल देव जाणे. मी विचारलं तर म्हणाला, तहानलेल्याला पाणी देणं हेच तर येशूने सांगितलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय त्याने टँकरच्या दरपत्रकाला लावला! पण त्याच्या लबाडीमागे एक खरा प्रश्न होता आणि चळवळीतल्या काहींनी तो टाळला. नव्या इमारतींतली माणसं खरोखरच तहानलेली होती. बिल्डरने त्यांनाही फसवलं होतं. आमच्यातले काही जण मात्र राग काढायचे तो त्यांच्यावर. जपमाळ संपवून उठलेल्या तोंडातून ‘उपरे’ आणि त्याहून वाईट शब्द मी ऐकले आहेत. टँकर अडवणं योग्यच होतं. त्या टँकरची वाट बघणाऱ्या बाईला तुच्छ लेखणं कुठल्याही शुभवर्तमानात बसत नाही.

ते दशक क्षमेचंही होतं, पण तो धडा वसईबाहेरून आला. १९९५ साली मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना बसप्रवासात भोसकून मारलं. त्या गरीब शेतकऱ्यांना सावकारांविरुद्ध संघटित करत होत्या. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली आणि लगेच देश न सोडता कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. त्या घटनेनंतरच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये उपदेश झाला, लोक रडले. बाहेर पडल्यावर बांधाच्या वादात वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ दोन वेगळ्या फाटकांतून गेले.

२००० नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसं सांगण्यासारखं नाही. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता. वाड्या विकल्या गेल्या, बंगले आले, मुलं आखातात आणि कॅनडाला गेली. लग्नं अशी होऊ लागली की त्यांचा खर्च चर्चपेक्षा डीजेवर जास्त. आगाशीची सुकेळी आता भेटवस्तू म्हणून शोधावी लागतात. २००९ साली महापालिका आली तेव्हा गावं वगळण्यासाठी लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, जुनी नावं पुन्हा दिसली. पण पुढच्या पिढीची रांग विरळ होती.

२०२० साली फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती. त्यांच्या धर्मगुरू असण्यावरून वाद काढला गेला. पाठीच्या दुखण्याने जर्जर झालेला तो माणूस तरीही संमेलनाला गेला आणि बोलला. त्या आठवड्यांत आमच्या समाजातले बोलके लोक कुठे होते? अभिनंदनाचे फ्लेक्स लावत होते. वाद पेटला तेव्हा तेच म्हणाले, वातावरण बरं नाही, गप्प राहिलेलं चांगलं. पुढच्या वर्षी, ५ जुलै २०२१ ला, आदिवासींमध्ये काम करणारे चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी कच्चे कैदी म्हणून वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये वारले. त्याआधी तळोजा तुरुंगात, कंपवाताने थरथरणाऱ्या हातांना पेला धरवत नाही म्हणून त्यांना पाणी प्यायला नळी मागावी लागली होती. मत्तयाच्या त्याच अध्यायात तुरुंगातल्या माणसाचाही उल्लेख आहे. आमच्याकडे मेणबत्त्या लागल्या, त्याही बऱ्याच ठिकाणी फाटकाच्या आत.

आणि तरी फादर दिब्रिटो गेले तेव्हा सगळे आले. ज्यांनी मोटारी चालवल्या तेही आणि ज्यांनी ‘फादरनी घंटा वाजवावी’ म्हटलं तेही. सगळ्यांनी त्यांची नम्रता वाखाणली. ते नम्र होतेच. पण नम्रतेने कोणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिचं कौतुक स्वस्तात होतं. त्यांच्या हट्टाविषयी, सरकारला आणि स्वतःच्या माणसांनाही दुखावण्याच्या तयारीविषयी फार थोडे बोलले. त्या गुणाशिवाय त्यांचे बाकीचे गुण मला ओळखता येत नाहीत. आज आमच्या संस्था ज्या माणसाला आदर्श ख्रिस्ती ठरवतात, तो निरुपद्रवी माणूस आहे, आणि १९९० साली तो टँकर अडवायला आला नसता.

वसईची उरलीसुरली बावखलं, म्हणजे जुनी गोड्या पाण्याची तळी, अजून भराव टाकून बुजवली जात आहेत. हरकतीचा कागद घेऊन कोणी तुमच्या दारात आलं, तर त्याला आत बोलवा, नकाशा नीट बघा आणि सही करा. नाव आणि पत्ता पूर्ण लिहा. अर्धवट अर्ज बाद करणं कार्यालयाला सगळ्यात सोपं जातं.