पुण्यात पोचेपर्यंत गाडी ‘बरी’ होते

एअर सस्पेन्शनची गळती रात्री दिसते. साताऱ्यात सकाळी एक कोपरा खाली बसलेला असतो. इंजिन सुरू झालं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी ताठ उभी! सांगलीहून कोल्हापूरला नेली तरी तेच. ‘फॉल्ट कोड नाही, सगळं नॉर्मल आहे,’ हे उत्तर मग ठरलेलंच.

म्हणून पुरावा घरीच जमवावा. सपाट जागी गाडी लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी रात्री आणि सकाळी मोजावं, टेप दिसेल असा फोटो काढावा. थंडीत चारही कोपरे थोडे सारखेच उतरले तर घाबरायचं कारण नाही. एकच उतरला तर संशय पक्का. साबणाचं पाणी मारल्यावर एअर बॅगच्या घडीत किंवा नळीच्या जोडापाशी बुडबुडे येतात.

जॉबकार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि गाडी रात्रभर वर्कशॉपमध्येच ठेवायला लावावी. टाळाटाळ महागात पडते: सतत हवा भरून कॉम्प्रेसरही जळतो, तोवर वॉरंटी संपलेली असते.

तरीही दाद नाही? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. मात्र गाडीला ५० लाखांहून जास्त मोजले असतील तर प्रकरण जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जातं.