तुणतुण्याच्या तारेवर ब्लॅक मेटल

गोंधळाच्या रात्री सगळ्यांचं लक्ष संबळाकडे असतं, तुणतुण्याकडे कुणी फारसं बघत नाही. लाकडी नळकांडं, तळाला चामडं आणि त्यातून निघून दांडीच्या खुंटीला ताणलेली एकच तार. वाजवणारा ती तार एकाच सुरात छेडत राहतो. सूर बदलत नाही आणि खंडही पडत नाही. तासाभराने तो सूर वेगळा ऐकूसुद्धा येत नाही, पण सगळं आख्यान त्याच्याच आधाराने उभं असतं. लोकसंगीत, ब्लॅक मेटल आणि अ‍ॅम्बियंट म्हणजे वातावरण उभं करणारं संगीत, या तिन्हींचा मेळ कसा बसतो हे नगर जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायचं, तर या तारेपासूनच सुरुवात करायला हवी.

ब्लॅक मेटल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत रुजलं. त्यातला गिटारवाला एकच सूर अतिशय जलद छेडतो. मिनिटाला 180 मात्रांची लय आणि एका मात्रेत चार आघात धरले, तर सेकंदाला बारा आघात होतात. ड्रमही त्याच वेगात सुटलेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा निव्वळ गोंगाट वाटतो. चार-पाच मिनिटं धीर धरला की सुटे आघात एकमेकांत मिसळतात, आवाजाचा एक सलग पडदा तयार होतो आणि त्यामागून एखादी संथ धून सरकताना जाणवते. वेग इतका वाढलेला असतो की संगीत संथ वाटायला लागतं. गायकाची किंकाळीसुद्धा मिक्सिंगमध्ये मागे ढकललेली असते. दूरवरून, वाऱ्याबरोबर आल्यासारखी ती ऐकू येते.

इथेच ब्लॅक मेटल अ‍ॅम्बियंटला येऊन भेटतं. संगीतकार ब्रायन ईनो याने 1978 मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम काढला तेव्हा त्यात ना ठेका होता, ना नेहमीसारखी गाणी. जागा भरून टाकणारे लांब स्वर तेवढे होते. एक संगीत अगदी शांत, दुसरं कर्कश. पण ऐकणाऱ्याला एखाद्या जागेत नेऊन बसवायचं काम दोन्ही करतात.

या संगीताचा इतिहास मात्र स्वच्छ नाही. 1992 मध्ये बर्गनजवळचं फॅन्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं. 1993 मध्ये 'बुर्झुम'च्या वर्ग विकेर्नेसने 'मेहेम' या बँडच्या गिटारवादकाचा खून केला. त्या खुनासाठी आणि काही चर्चेस जाळल्याबद्दल त्याला 1994 मध्ये 21 वर्षांची शिक्षा झाली. या मेळाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घ्यावं लागतं, पण त्याची हिंसा आणि पुढचा वंशद्वेष कलेच्या नावाखाली झाकता कामा नये.

सुदैवाने त्याच देशात 'उल्वर' हा बँडही होता. त्यांच्या 1995 च्या 'बेर्गटाट'मध्ये डोंगरातल्या अदृश्य लोकांनी भुलवून नेलेल्या मुलीची कथा आहे. आपल्याकडे विहिरीवर, डोहाकाठी शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड ज्यांनी पाहिलेत आणि भर दुपारी तिकडे जाऊ नको म्हणून आजीची बोलणी ज्यांनी खाल्लीत, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुढच्याच वर्षीच्या 'क्वेल्सांगर'मध्ये तर त्यांनी मेटल पार बाजूला ठेवलं. साधी गिटार, चेलो आणि खर्जातले एकत्र आवाज एवढंच राहिलं, आणि तरी जंगल तेच राहिलं.

नगर जिल्ह्याचा अकोल्याकडचा भाग डोळ्यांसमोर आणा. 1646 मीटरचं कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. घाटघरला तर नगरचं चेरापुंजीच म्हणतात. पावसाळ्यात तिथे दिवसेंदिवस ढग खाली उतरलेले असतात. त्याच डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, सोबत संबळ आणि पिपाणी. लाकडी मुखवट्याच्या त्या नाचात भय आणि भक्ती वेगळी काढता येत नाही. नॉर्वेच्या मुलांनी चेहरे रंगवून जे शोधलं, ते इथे गावाच्या मान्यतेने, वर्षाच्या ठरल्या वेळी होतं.

पण धुकं आणि डोंगर एवढ्यावरच हे संगीत जगतं असं नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन लन याचा 'पॅनॉप्टिकॉन' हा एकट्याचा प्रकल्प आहे. त्याच्या 2012 च्या 'केंटकी'त ब्लॅक मेटलच्या शेजारी बँजो आणि फिडल वाजतात. विषय कोळसा खाणींचा आहे. खाणकामगारांची जुनी संघटनेची गाणी त्याने त्यात पुन्हा गायली आहेत. मला हा अल्बम फार मोलाचा वाटतो, कारण इथे लोकसंगीत देखाव्यासाठी आणलेलं नाही. ज्यांच्या छातीत कोळशाची धूळ गेली त्यांच्या तोंडून ते आलं आहे.

आणि मग नगर जिल्ह्यातले पाथर्डी, शेवगाव, जामखेड आठवतात. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी लोणीला उभा राहिला तो याच जिल्ह्यात, आणि दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाणारे 'कोयते'ही याच जिल्ह्यातले. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटेच्या थंडीत पाचटावर पडणारा कोयत्याचा घाव, कारखान्याकडे निघालेल्या बैलांच्या घुंगुरमाळा, गव्हाणीची अखंड घरघर. 'केंटकी'च्या तोडीचं काही मराठीत व्हायचं असेल, तर त्याचा कच्चा माल इथे पडला आहे.

महाराष्ट्रात मेटलची परंपरा आहे, पण ती मुख्यतः मुंबई-पुण्याची. साहिल मखिजाने 2000 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'डेमॉनिक रिसरेक्शन'ने ब्लॅक आणि डेथ मेटल एकत्र आणलं, 2010 मध्ये ऑस्लोच्या 'इन्फर्नो' महोत्सवात वाजवलं आणि 2017 मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' काढला. भारतीय वाद्यं त्यात आहेत, धिटाईही आहे. तरी ते पुराणातलं भव्य जग आहे, एखाद्या गावच्या शिवेतलं नाही. ती जागा अजून रिकामी आहे.

ती भरायला मोठा स्टुडिओ लागत नाही. या प्रकारातलं कितीतरी काम एकट्या माणसाने घरातल्या खोलीत केलेलं आहे. एक गिटार, लॅपटॉप आणि बरा माइक पुरतो. मात्र सुरुवातीला वीस सेकंद संबळ लावायचा आणि मग नेहमीचंच मेटल वाजवायचं, याला मेळ म्हणता येणार नाही. तुणतुण्याचा तो एक सूर धरून गिटार त्यावर चढवा, ड्रमची लय संबळाच्या बोलांवर बांधा, पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचा लांबलेला 'जी' किंकाळीच्या जागी येऊ द्या. त्यासाठी इंटरनेटवरून तयार नमुने उचलू नका. गोंधळ्याच्या घरी जा, लग्नसराई उलटल्यावर जा म्हणजे त्यांना सवड असते. रेकॉर्डिंगचं काय करणार ते आधी सांगा, सुपारीइतके पैसे त्याच दिवशी हातात द्या, आणि अल्बमवर त्यांचं नाव वादक म्हणून, तुमच्या नावाच्या बरोबरीने छापा.