बॅनरवरची ठळक, तिरकी अक्षरं फोनवर का वाचता येत नाहीत?

संत मुक्ताबाईंच्या पालखीच्या दिवसांत मुक्ताईनगरात, म्हणजे जुन्या एदलाबादेत, बॅनर लागतात. अशा बॅनरवर ठळक तिरक्या अक्षरांचा सोस फार.

ही सवय रोमन लिपीतली. आल्दुस मानुत्सिओने १५०१ मध्ये व्हेनिसला इटॅलिक टाइपात अख्खं पुस्तक छापलं. तो टाइप हातच्या वळणावरून घडवलेला होता, सरळ अक्षरं नुसती कलवलेली नव्हती. रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या सेरिफ फॉन्टमध्ये जाड-बारीक रेघांचा फरकही असतो. त्याचं ठळक इटॅलिक रूप एखाद्या शब्दाला जोर आणि वेग देतं.

देवनागरीत जाड-बारीकपणा येतो तिरक्या कापलेल्या बोरूतून. बहुतेक मराठी फॉन्टना वेगळं इटॅलिक नसतंच. 'एक टाइप'च्या मोफत 'मुक्ता'त (नावाचा निव्वळ योगायोग!) सात जाड्या आहेत, इटॅलिक एकही नाही. तरी बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षर ढकलतं: शिरोरेषा आडवीच, काना मात्र उजवीकडे झुकलेला. त्यात ठळकपणा वाढवला की अक्षरांतल्या पोकळ्या बुजतात. फ्लेक्सवर हे खपून जातं. तोच फोटो व्हॉट्सॲपवर लहान झाला, की 'प्रस्थान'मधलं 'स्था' काळा ठिपका होतं.

'जय मुक्ताई' खुशाल तिरकं ठेवा. तारीख, वेळ आणि मुक्कामाचं गाव सरळच लिहा.