उडाला की उजळणारा फ्यूज : दिवा कामाचा, पण खरी परीक्षा पट्टीची

हॉर्न वाजत नाही, वायपर फिरत नाही, ब्रेकचे दिवे लागत नाहीत, अशी तक्रार घेऊन ग्राहक गॅरेजमध्ये आला की ऑटो इलेक्ट्रिशियन सर्वात आधी फ्यूज बॉक्सचे झाकण काढतो. जुन्या गाड्यांत हे काम क्षणाचे होते. अँबेसिडरमध्ये काचेचे मोजकेच फ्यूज असत, पद्मिनीत दोन्ही टोकांना निमुळते होणारे. नजर टाकली की कोणता गेला ते कळे. आजच्या साध्या मोटारीतही फ्यूजची संख्या तीस-चाळीसपर्यंत जाते. त्यांतले काही बॅटरीशेजारी असतात आणि काही डॅशबोर्डखाली अशा जागी की मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाहीत. भर पावसात, रात्री, टॉर्च तोंडात धरून एकेक फ्यूज चिमट्याने उपसून पाहणे किती त्रासाचे आहे हे कारागिरांना सांगायला नको.

हा त्रास वाचवणारा फ्यूज बाजारात आहे. दिसायला तो नेहमीच्या दोन पात्यांच्या रंगीत फ्यूजसारखाच असतो, पण उडाला की त्याच्या डोक्यावर बारीक दिवा लागतो. आपले कितीतरी बांधव ऑटो इलेक्ट्रिकचे काम करतात आणि स्पेअर पार्टची दुकाने चालवतात. हा माल ठेवावा का आणि ग्राहकाला काय सांगून द्यावा, याची माहिती त्यांना असायला हवी.

दिवा लागतो कसा?

पात्यांचा फ्यूज अमेरिकेच्या लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये आणला आणि हळूहळू काचेचा फ्यूज मागे पडला. या फ्यूजमध्ये दोन पाती आणि त्यांना जोडणारी पातळ पट्टी असते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला की पट्टी वितळते. उजळणाऱ्या फ्यूजमध्ये याच पट्टीला समांतर एक छोटा एलईडी आणि त्याच्यासोबत एक रेझिस्टन्स बसवलेला असतो. पट्टी शाबूत असेपर्यंत सगळा करंट तिच्यातूनच जातो. दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच व्होल्टेज असल्यामुळे एलईडी विझलेला राहतो. पट्टी तुटली की एका टोकाला बारा व्होल्ट उरतात आणि दुसरे टोक बल्ब, मोटार किंवा शॉर्ट झालेल्या वायरीमार्फत बॉडीला जोडलेले असते. मग थोडासा करंट, काही मिलिअँपिअर एवढाच, एलईडीतून वाहतो आणि दिवा लागतो.

म्हणजे दिवा लागायला दोन गोष्टी लागतात. फ्यूजपर्यंत करंट आलेला हवा आणि पुढची वाट बॉडीपर्यंत पुरी हवी. फ्यूज चावीनंतरचा असेल तर चावी ‘ऑन’ केल्याशिवाय तो काहीच दाखवणार नाही. स्विच फ्यूजच्या पुढे असेल तर स्विचही चालू करावा लागेल. बल्बच जळालेला असेल, तर फ्यूज उडालेला असूनही दिवा लागणार नाही. म्हणून ‘एकही दिवा लागलेला नाही, अर्थात सगळे फ्यूज ठीक आहेत’ असे मानून पुढे जाऊ नये. टेस्ट लॅम्प किंवा मीटर पेटीतून काढून टाकण्याची वेळ आलेली नाही.

पण याच मर्यादेचा हुशार कारागिराला फायदा करून घेता येतो. समजा फॉग लॅम्पचा फ्यूज वारंवार उडतो. त्या जागी उजळणारा फ्यूज लावा. तो उडाल्यावर फॉग लॅम्पचा स्विच बंद करा, चावी चालूच ठेवा. दिवा तरीही जळत असेल आणि त्या फ्यूजवर दुसरे काही जोडलेले नसेल, तर शॉर्ट फ्यूज आणि स्विच यांच्या मध्ये आहे. स्विच बंद करताच दिवा विझत असेल, तर दोष स्विचच्या पुढे, लॅम्पच्या बाजूला शोधावा. दिवा जळत असताना वायरिंगची जुडी हळूहळू हलवत गेल्यास आणि एका ठिकाणी दिव्याचा उजेड कमीजास्त झाल्यास वायर तिथेच घासली जात असण्याचा संभव मोठा. यात एकामागून एक नवे फ्यूज जाळण्याचा खर्च वाचतो.

उडालेला फ्यूज मात्र तसाच जळत ठेवून गाडी आठवडे उभी करू नये. पाच मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साडेतीन अँपिअर-अवरपेक्षा जास्त जातात, म्हणजे पस्तीसच्या बॅटरीचा दहावा हिस्सा.

दिवा चांगला, पट्टी खोटी

आता व्यापाऱ्यांनी नीट लक्ष द्यावे अशी बाब. ग्राहक दिव्यावर भुलतो, आणि दिवा बनवणे अगदी स्वस्त आहे. खरे काम पट्टीचे असते, ती मात्र बाहेरून कळत नाही. बिननावाच्या स्वस्त पाकिटांत असेही फ्यूज निघतात की त्यांच्यावर दहा अँपिअर छापलेले असते, पण दुप्पट करंट जाऊनही ते उडत नाहीत. अशा वेळी प्लॅस्टिक मऊ पडते आणि वायरीचे कव्हर वितळू लागते. फ्यूज हा बल्बचा नव्हे, वायरीचा पहारेकरी असतो. पहारेकरी झोपला तर गाडीला आग लागते, आणि मग नाव कारागिराचे आणि दुकानदाराचे खराब होते.

पात्यांच्या फ्यूजचे सर्वमान्य माप असे आहे की छापलेल्यापेक्षा दहा टक्के जास्त करंटवर तो निदान शंभर तास टिकला पाहिजे, आणि दुप्पट करंटवर पाच सेकंदांच्या आत उडाला पाहिजे. हे दुसरे माप दुकानात घरच्या घरी तपासता येते. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचे दोन साधे हॅलोजन बल्ब घ्यावेत, ज्यांचा हाय बीम साठ वॅटचा असतो. दोन्ही हाय बीम समांतर जोडले की सुमारे दहा अँपिअर करंट होतो. आता वायरीत पाच अँपिअरचा फ्यूज लावावा. पाच सेकंदांत बल्ब विझून फ्यूजवरचा दिवा लागला, तर माल ठीक. बल्ब जळतच राहिले तर वायर सोडवावी आणि पाकीट परत पाठवावे. दहा अँपिअरचा फ्यूज तपासायचा तर असे चार बल्ब लागतील. वायर निदान अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. फ्यूज बोटांत धरू नये आणि बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना हा प्रयोग करू नये. पाकिटातला एक फ्यूज वाया जातो खरा, पण तेवढ्यात लॉटचा अंदाज येतो.

रंगांबद्दलही थोडे. पाच बदामी, साडेसात तपकिरी, दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, पंचवीस पारदर्शक, तीस हिरवा हे नॉर्मल आणि मिनी फ्यूजना सारखेच लागू आहे. मोठ्या, म्हणजे मॅक्सी फ्यूजमध्ये मात्र लाल म्हणजे पन्नास आणि निळा म्हणजे साठ अँपिअर. रंग पाहून फ्यूज देणाऱ्या नव्या पोराला हे आधीच शिकवून ठेवावे. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी हौसेने जुन्या गाड्या सांभाळणारे आहेतच. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट : लुकास पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो उडण्याचा असतो, सतत वाहण्याचा नव्हे. सतत वाहण्याची मर्यादा त्याच्या निम्मी, सुमारे सतरा. त्या जागी कुणी ‘पस्तीसच्या जवळचा’ म्हणून तीसचा पात्यांचा फ्यूज बसवला, तर जुनी वायरिंग त्याच्या भरवशावर सुरक्षित नाही.

ट्रकवाल्यांना देताना पाकिटावर चोवीस व्होल्ट लिहिले आहे का ते पाहावे, कारण काही फ्यूजचे दिवे फक्त बारासाठीच असतात. ई-रिक्षांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. नेहमीचा पात्यांचा फ्यूज बत्तीस व्होल्टपर्यंतचाच असतो आणि ई-रिक्षाची बॅटरी अठ्ठेचाळीस किंवा त्याहून जास्त व्होल्टची. पट्टी वितळल्यावरही आत ठिणगी धरून राहू शकते. तिथे तेवढ्या व्होल्टेजचा म्हणून बनवलेला फ्यूजच द्यावा, उजळणारा असो वा नसो.

फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची किंवा तांब्याची तार टाकण्याची सवय हायवेवर अजून पाहायला मिळते. ‘घरापर्यंत पोहोचू द्या’ म्हणून केलेला हा उपाय नंतर महिनोन्‌महिने तसाच राहतो. तशी गाडी समोर आली, तर दुसरे काम करण्याआधी ती तार काढावी.

राहिला प्रश्न विक्रीचा. ग्राहकाची सगळी पेटी उजळणाऱ्या फ्यूजनी भरून देण्याची गरज नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. हॉर्न, चार्जिंग सॉकेट, बाहेरून बसवलेले जादा दिवे आणि म्युझिक सिस्टीम, म्हणजे जिथे फ्यूज वरचेवर उडतो, तिथे तो लावावा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नये, कंपनीने सांगितला असेल तोच ठेवावा. स्टॉक करताना दहा, पंधरा आणि वीसची नॉर्मल व मिनी पाकिटे आधी घ्यावीत, बाकीची मागणी पाहून. अलीकडच्या गाड्यांत यांहूनही लहान आकाराचे फ्यूज असतात आणि ते वरवर मिनीसारखेच वाटतात. म्हणून ग्राहकाकडून उडालेला फ्यूज मागून घ्यावा आणि त्याच्याशी जुळवूनच नवा द्यावा.