नोकरच मालक

सभासद बंधूंनो, आपल्या कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा. अमेरिकेत एका अणुशास्त्रज्ञाने नोकरांना मालक केले, त्याची ही हकिगत. डॉ. रॉबर्ट बायस्टर यांनी १९६९ साली कॅलिफोर्नियात ‘सायन्स ॲप्लिकेशन्स’ ही कंपनी काढली. सरकारी संशोधनाची कामे जो मिळवील अन् पार पाडील, त्याला शेअर्स असा शिरस्ता. स्वतःचा वाटा त्यांनी खुशाल घटू दिला. शेअर्सचा बाजार कंपनीच्या आतच भरे, आणि नोकरी सोडणाऱ्याचे शेअर्स परत घ्यायचा हक्क कंपनीचा. म्हणजे बाहेरच्याला शिरकाव नाही. मात्र मत शेअरमागे, आपल्यासारखे माणशी एक नव्हे. आम्हाला हाच फरक मोठा वाटतो. बायस्टर २००४ साली पायउतार झाले. २००६ मध्ये शेअर्स न्यूयॉर्कच्या बाजारात आले. मग काय, ज्याच्याकडे पैसा त्याने घ्यावेत!