अवघड जागेची पुळी

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. पण तिच्यात पुरुषांची खरी अडचण सांगितलेली आहे. हाताला फोड आला तर माणूस बाही सारून चारचौघांना दाखवतो. तोच फोड कमरेखाली आला की तो बायकोलाही सांगत नाही. महिनाभर एकटाच झुरतो आणि मग एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ असं वाचून भलत्याच दारात जाऊन बसतो.

असाच लग्न ठरलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याच्या लिंगमण्याच्या कडेला मोत्यासारखे बारीक, एकसारखे दाणे ओळीनं होते. भिंतीवरच्या जाहिरातवाल्यानं ‘ही गरमी आहे’ म्हणून त्याच्याकडून पैसे उकळले होते आणि पोरगा सोयरीक मोडायला निघाला होता. वास्तविक हा रोगच नव्हे! असे दाणे पुष्कळ पुरुषांना वयात आल्यावर दिसू लागतात. ते दुखत नाहीत, पसरत नाहीत, कुणाला लागत नाहीत, आणि त्यांना औषधही नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, की बाबा, लग्न कर.

अशा निरुपद्रवी गोष्टी आणखीही आहेत. कातडीखाली फिकट पिवळसर, राईएवढे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. अमेरिकेतले डॉक्टर फोर्डाइस यांनी १८९६ साली असल्या ठिपक्यांचं वर्णन केलं म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखले जातात. अंडकोशाच्या पिशवीवर हरभऱ्याएवढ्या टणक, पांढरट गाठी असतात, आणि उतारवयात लालजांभळे ठिपकेही उठतात. केस काढताना वस्तरा लागला की केसाच्या मुळाशी पुळी येते, ती चारसहा दिवसांत बसते. दाबून फोडू मात्र नका. फोडण्यानंच ती चिघळते.

आता ज्याकडे काणाडोळा करता येत नाही, ते ऐका. जोखमीच्या संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, एक कडक कडांची जखम उठते. जांघेत अवधाण येतं. पण जखम बहुधा दुखत नाही. ही उपदंशाची, म्हणजे गरमीची पहिली खूण. आपला सारा हिशेब दुखण्यावर चालतो: दुखत नाही ना, मग राहू दे! आणि खरोखरच तीन ते सहा आठवड्यांत ती जखम औषधावाचून भरून येते. माणूस देवाला नारळ फोडतो. जंतू मात्र रक्तात उतरलेले असतात. पुढं तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं, तेही जातं. आणि काही जणांत वर्षांनंतर मेंदू, डोळे, हृदय यांवर घाला पडतो. बायको गरोदर असली तर पोटातल्या बाळालाही रोग पोचतो. सुरुवातीला हाच रोग पेनिसिलिनच्या लांब पल्ल्याच्या सुईनं, बहुधा एकाच वेळेला, बरा होतो. म्हणून जखम भरली तरी रक्त तपासून घ्यायचं.

दुखणाऱ्या जखमांचं उलट असतं, त्या माणसाला आपोआप दवाखान्यात आणतात. पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा झुबका, आधी चुणचुण, मग आग, हा नागिणीच्या जातीतला विषाणू. तो पुन्हा पुन्हा डोकं काढतो, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. फुलकोबीसारखे खरखरीत कोंब वाढू लागले तर ते विषाणूचे चामखीळ. त्यांना घोड्याचा केस बांधणं, चुना किंवा बिब्बा लावणं हे उद्योग मी पाहिले आहेत. त्या नाजूक कातडीवर बिब्बा उतला, की मूळ रोग परवडला असं म्हणायची पाळी येते. दुकानात मिळणारी खाजेची मिश्र मलमंही तशीच. त्यांतल्या स्टेरॉइडनं दोन दिवस बरं वाटतं, पुढं कातडी पातळ होते आणि नायटा जांघभर पसरतो.

रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांतही पुळ्या आहेत, घरातली पोरंही खाजवतात, तर ती खरूज. तिच्यात कसली बदनामी? घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यानं धुवायचं. लिंगावरच्या गाठी मात्र त्यानंतरही काही आठवडे खाजतात, घाबरू नये. पुढची कातडी वरचेवर लाल होते, चिरा पडतात, तर रक्तातली साखर तपासा. मधुमेहाची पहिली वर्दी कधी कधी इथूनच मिळते. आणि कातडीखाली गाठ किंवा जखम चार आठवडे हलत नाही, रक्त येतं, घाण वास येतो, कातडी मागं सरकेनाशी होते, तर कर्करोगाची शंका धरून सर्जनकडेच जावं. हा रोग तंबाखू खाणाऱ्यांत आणि कातडी घट्ट असलेल्यांत अधिक आढळतो. लवकर आलं तर थोडक्यात निभावतं.

शिक्षक मित्रांनो, नववी-दहावीच्या मुलांना यांतलं सगळं सांगायला नको. पण आरोग्याचा तास घेताना ‘तिथली कातडीही कातडीच आहे, शंका आली तर डॉक्टरला दाखवायची,’ एवढं सहज आवाजात सांगा. आवाज चोरला की मुलं बरोबर ओळखतात.

जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी आणि औषध फुकट, नाव गुप्त राहतं. एच.आय.व्ही.ची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी, कारण जखमेतून तो जंतू सहज शिरतो. जोडीदारालाही बरोबर न्यावं. एकानंच औषध घेतलं तर रोग फिरून परत येतो. जायला पाय उचलत नसेल तर १०९७ या क्रमांकावर आधी फुकट बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.